नि. डा. हा. अं.

बेलापूर कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर
श्रीवर्धनकर वकील मला कायदा वाचायला शिकवतात,
मधल्या सुट्टीत, डब्याच्या झाकणात लोणचं ठेवून.

"आधी वर्ष बघ, मग अधिनियमाचा क्रमांक.
पुढं पत्ता शोधल्यासारखं जायचं.
सेक्टर, प्लॉट, सोसायटी, विंग, मजला.
तसंच भाग, प्रकरण, कलम, पोटकलम, खंड.
आणि 'परंतु' दिसलं की चप्पल काढून उभी राहा.
वर मोकळ्या हातानं दिलेलं
कायदा तिथून परत नेतो."

मी वहीत उतरवते:
भू. सं. म्हणजे भूसंपादन.
वि. म्हणजे विरुद्ध.
खंडापाशी पेन अडतं.
आमच्या गोठिवलीत खंड म्हणजे
खोताच्या खळ्यावर नेऊन ओतायचं भात.

आज मी आमचीच फाईल आणली.
अठराशे चौऱ्याण्णवचा पहिला अधिनियम.
कलम चारची नोटीस, सहाची, नऊची,
अकराचा निवाडा.
मोबदला कमी वाटला तर कलम अठरा.
परंतु,
निवाड्याच्या वेळी हजर असाल
तर सहाच आठवडे.

सातबाऱ्यावर बाबांच्या नावापुढं
अ. पा. क. चुलती हिरूबाई.
अज्ञान, म्हणजे नऊ वर्षांचे बाबा.
पालन करणारी, म्हणजे ती,
जिला वाचता येत नव्हतं.

पान सत्तेचाळीसवर जांभळा ठसा,
शेजारी कारकुनाचं तिरकं अक्षर: नि. डा. हा. अं.
"निशाणी डाव्या हाताचा अंगठा," वकील म्हणाले.
"म्हणजे हजर होती. सहा आठवडे.
पन्नास वर्षं होऊन गेली, पोरी.
जेवून घे."

रात्री बाबांना विचारलं.
ते टीव्हीचा आवाज कमी न करताच म्हणाले,
"लावणी चालू होती. अंगठ्याला चिखल.
साहेब बोलला, धुऊन ये.
ती विहिरीवर गेली
तवर त्यानं सगळं वाचून टाकलं.
आली, अंगठा दिला,
न प्यायला पाणी मागितलं."

धुऊन येईपर्यंत.
म्हणजे वाचलं तेव्हा ती नव्हतीच.

साक्षीदार एकच, तोही तेव्हा अज्ञान.
मुदत कधीच गेलेली.
जमिनीवर आता टॉवर, तळमजल्याला जिम.

तरी वही उघडली.
सत्तेचाळीसपुढं पेन्सिलीनं लिहिलं
परंतु
आणि खाली
बरीच जागा सोडली.