चाळीस मीटर नदी

अकरा वर्षं मी गाडी चालवली
महापौर व्झोसेकबाईंची.
मागे बसायच्या बूट काढून,
मांडीवर वही, आणि वहीत
बंद पडलेले दिवे: गल्ली, खांबाचा नंबर, तारीख.

आमच्या वुच शहराच्या नावाचा अर्थ होडी.
नदी मात्र कधीचीच गाडलेली,
रस्त्याखालून वाहते, पाइपातून, आंधळी.
पहिल्याच सभेत बाई म्हणाल्या, मी ती वर काढीन.
आई त्यांची गिरणीत, मागावर. कान गेलेले,
घरीही ओरडूनच बोलायची.
लेकीला कधी माइक लागला नाही.

मग ट्रामचा संप. शाळांची छपरं.
कचऱ्याच्या ठेक्यात मेव्हण्याचं नाव,
खाली सही बाईंची.
त्या रात्री गाडीत अवाक्षर नाही.
पुलाजवळ फक्त म्हणाल्या, "थांब जरा,"
आणि लिहून घेतला खांब दोनशे सात.

नदी उघडली, ती चाळीस मीटर.
फीत कापायला अर्धं शहर लोटलं,
वास आला तशी पांगापांग.

हरल्या, तेव्हा मानाची साखळी
उतरवताना केसांत अडकली कडी.
मीच सोडवली. चार केस तुटले.
बाई ट्रामने घरी गेल्या.

नवे साहेब मागे बसून फोनवर हसतात.
काल रात्री माझा वाजला:
"कोर्नेल, दोनशे सात अजून बंदच आहे रे."

कोट चढवून गेलो बघायला.
होताच बंद.
खाली अंधारात एक बदक
पाइपाच्या तोंडापर्यंत जायचं,
आत बघायचं,
परत फिरायचं.