छाट

पिशवी काढायची म्हणून सिव्हिलला गेले,
हातात दुसरी पिशवी:
धुतलेलं लुगडं, चादर, स्टीलचा तांब्या,
आणि शेंगाचटणीची पुडी,
नंतर तोंडाला चव यावी म्हणून.

आधी फिटनेस, सिस्टर म्हणाली.
फिटनेस म्हणजे छाट.
ते मला कुणी शिकवायला नको.
बत्तीस वर्षं सूप घेऊन उभी राहिलेय
कारखान्याच्या त्या टेबलापुढं.
चेकर दोन बोटांत विडी फिरवतो,
तोंड ढिलं, छाट.
पान फाटकं, छाट.
हजार वळल्या तरी पैसे नऊशेसाठचे.
तशीच उभी राहिले इथंही.
रक्त दिलं, लघवी दिली,
छातीला गार गार काहीतरी फासून तारा लावून घेतल्या.

भूल देणाऱ्या मॅडम माझ्या सुनेएवढ्या.
नळी पाठीवर ठेवली, मग डाव्या कुशीवर वळवलं.
श्वास सोडा. धरा.
परत एकदा.
मग पंखा बंद करायला सांगितला.
एप्रिलात, सोलापुरात, पंखा बंद.
तेव्हा कळलं, काहीतरी सापडलंय.

"लहानपणी ताप आलेला? सांधे सुजलेले?"

नऊ वर्षांची होते. साखर पेठ.
भिंतीला कान लावा नाहीतर लावू नका,
पलीकडच्या मागांची खटखट.
गुडघा टम्म. तो उतरला की कोपर.
अम्मा रुईचं पान गरम करून बांधायची,
अंग वाढतंय गं, म्हणायची.
अंग वाढलं. लग्न झालं. तीन बाळंतपणं झाली.
चढावर धाप लागली, तंबाखूची धूळ.
रात्री दोन उशा लागल्या, उकाडा.
पाय सुजले, दिवसभर मांडी घालून बसणं.
घरात प्रत्येक दुखण्याचं कारण तयार होतं,
आतल्या झडपेपर्यंत जायची पाळीच आली नाही.

"हे न कळता भूल दिली असती तर..."
मॅडम एवढंच बोलल्या, आणि कागदावर लिहू लागल्या.
आमच्या तेलुगूत त्याला नुसतं मत्तु म्हणतात.
मराठीत भूल.
चव्वेचाळीस वर्षं ती चढलेली होती मला,
कुणी सुई न टोचता.

भरलेली पिशवी तशीच परत आणली
कुंभारीच्या घरकुलात.
पोशव्वा दारातच, "झालं?"
"नाही. दुसरंच निघालं."
"अगं बाई. वाईट झालं की."
काय सांगायचं तिला,
मलाच अजून ठरवता येईना.
चटणीची पुडी मात्र त्याच रात्री फोडली,
कडक भाकरीवर.

दिवा मालवायच्या आधी
जुडी बांधता बांधता बोटं मनगटावर गेली.
पंचवीस मोजायचे, हाताला तीच सवय.
अठरावा आलाच नाही.
मग दोन एकदम, धक्काबुक्की करत.
असली जुडी मी चेकरपुढं
कधी ठेवली नसती.

दोरा तोडला.
पहिल्यापासून मोजायला लागले.