सैल ताणा

रंगाच्या रिकाम्या डब्यात लिंबोणी आहे,
चार पानांची. पाचवं आलं होतं, ते गळलं.
वर काल सकाळचं पाणी अजून तसंच,
त्यात गच्चीवरची टाकी दिसते उलटी
आणि एक मेलेला मुंगळा.

माती मेहुण्याच्या रानातली, बोरामणीची.
काळी, चिकट, खानदानी.
पोत्यात भरून मीच आणली,
डब्यात घातली आणि मुठीनं ठोकली.
थर, ठोक. थर, ठोक.
बत्तीस वर्षं मागावर उभा राहिलेला हात हा,
घट्ट बसलं म्हणजे चांगलं बसलं
एवढंच त्याला ठाऊक.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
नवं भरायचं तर जुनं कुठं ओतू?
मोरीत ओतवत नाही, म्हणून रोपाला.
राजमणी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बघायची.
म्हणायची, "अहो, रोप आहे ते, म्हैस नाही."

आज उन्हं कलल्यावर बसलो शेवटी.
सायकलची तार खुपसून पाहिली,
दोन बोटं गेली आणि अडली.
वाळते तेव्हा ही माती डब्यापासून फटकून राहते,
पाणी कडेनं पळून जातं, मुळांना न भेटता.
भिजते तेव्हा फुगून बसते,
मग पाणी वरच ताटकळतं.
खाली भोक एकच, तेही चिखलानं बुजलेलं.

डबा आडवा केला, बुडावर थापट्या दिल्या,
सगळा गोळा अखंड बाहेर आला
डब्याचाच आकार घेऊन.
वास आला तुंबलेल्या गटारीचा.
ओढलं नाही. टबात पाणी घेऊन त्यात ठेवलं नुसतं,
माती आपण होऊन सुटेपर्यंत.
खालची मुळं काळी, बोट लावलं तर साल निघून येणारी.
वर मात्र तीन-चार पांढरी होती,
सुतासारखी. चाळीस नंबरच्या सुतासारखी.

तेव्हा आठवलं.
टॉवेलला दोन ताणे लागतात.
एक ताठ, तो अंगाचा.
दुसरा सैल सोडायचा, त्याचे फंदे उठतात,
आणि पाणी पितात ते फंदे.
एकदा माझ्याच हातून दुसराही ताठ लागला,
रात्रपाळी होती, डोळा लागला होता.
माल निघाला गुळगुळीत, बघणाऱ्यानं वाहवा करावी असा,
आणि पाणी त्यावरून घरंगळून गेलं.
अख्खी गठ्ठी परत. तीन हप्ते पगार कापला.
एवढं कळून
घरातल्या डब्यात मात्र मी तेच विणलं.

खिळा तापवून सहा भोकं पाडली.
तळाला कौलाचे तुकडे.
शेजारच्या बांधकामावरची वाळू चाळली पिठाच्या चाळणीनं
(त्यावर बोलणी खाल्ली, ती वेगळी),
जुनं शेणखत, आणि चटणी कुटल्यावर उरलेली
शेंगांची टरफलं, हातानं चुरून.
काळी माती घेतली, पण तिसरा हिस्सा.
टाकवत नव्हती, मेहुण्याचं तोंड दिसत होतं.
राजमणीनं पानं कापायची कात्री धुवून दिली,
कुजकी मुळं तिनंच कापली,
माझा हात थरथरतो अलीकडे.

रोप ठेवलं. भोवती माती सोडली.
मग मूठ वर गेली, सवयीनं,
आणि डब्यावर तशीच थांबली.
राजमणी बघत होती. काही बोलली नाही.
मी डबा फक्त दोनदा जमिनीवर टेकवला, हलकेच.

एक तांब्या. पाणी वर थांबलं, बुडबुडे आले,
मी आकडे मोजत होतो, सात, आठ,
नवाला दिसेनासं झालं.
खाली ताटलीत टप्प झालं. परत टप्प.
"तागिंदी," ती म्हणाली माहेरच्या बोलीत. प्यायलं.

जगेल की नाही, सांगता येत नाही.
सकाळी चारातलं एक पान पिवळं होतं.
उद्या पाण्याचा दिवस.
जुनी घागर अर्धी आहे अजून,
तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही.