कुसळाचे आटे

उद्यमबागेत माझं लेथ, खिडकीकडून तिसरं.
आठ तास कानात लोखंड सोललं जातं
आणि सुट्टीच्या दिवशीही, उशीवर डोकं टेकलं
की ते सोलणं चालूच राहतं.
म्हणून सकाळची कुद्रेमनीची बस धरतो.
रताळ्यांची रिकामी पोती, दुधाचे दोन कॅन,
पेंगणारा कंडक्टर.
शेवटच्या थांब्याच्या आधीच उतरतो.

सुगी संपलीय.
भात कापून नेलेल्या वाफ्यांत
काळ्या मातीच्या भेगांतून मसूर वर आलाय,
इतका बारीक की उभं राहून दिसत नाही.
उकिडवं बसलं की अख्खं शेत एकदम हिरवं,
उठलं की पुन्हा काळं.
मी तीनदा बसलो, तीनदा उठलो.
बांधावरनं एक बाई ओरडली, "काय पडलं काय ओ?"
नाही म्हटलं.
ती शेजारणीला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली,
त्यातला 'हुच्च' तेवढा मला कळला.
बास झाला.

काजूच्या रानातून वाट चढते,
वैजनाथाच्या डोंगराला बगल देते
आणि एका वळणावर
झाडं मागंच थांबतात.
पुढं नुसतं गवत.

पिवळं म्हणावं तर पिवळं नाही.
खोंडाच्या कानामागं असतो ना, तसला रंग,
हात फिरवावासा वाटणारा.
वारा खालून येतो. आधी उताराचं गवत वाकतं,
मग जरा वरचं, मग माझ्या गुडघ्यापाशचं,
मग शर्ट फुगतो,
आणि लगेच माझ्या मागचं गवत वाकायला लागतं
जणू मध्ये कुणी नव्हतंच.
फार बरं वाटलं मला, असं वगळलं जाण्याचं.

लुमाण्णा विळा घेऊन बसला होता.
चार पेंढ्या बांधून झालेल्या, पाचवी मांडीखाली.
"काय बघालायसा?"
"गवत."
"मग बघा की पोटभर. आठ दिवसांनी बणीम होतंय ह्याचं."
हद्दीचा दगड कुठं आहे, मी विचारलं.
विळ्यानं त्यानं हवेत एक मोघम गोल काढला.
"हितंच कुठंतरी. कापत गेलं की लागतोय पात्याला.
पावसात पुन्हा बुडतोय.
गेल्या साली लागला तवा धार गेली बघा,"
आणि दगडाला त्यानं शिवी दिली,
दोन्ही भाषांतली एकेक.

तो कापत होता तिथून हातभर पुढं
गवतात एक वाटी होती,
कुणीतरी अंग मुडपून निजल्यासारखी.
"सशाची," तो म्हणाला. "आत्ता उठलाय."
मी तळवा ठेवला.
ऊब होती.
मशीनवरून उतरलेल्या तुकड्याची ऊब मला माहीत आहे,
हाताला ती नकोशी होते.
ही हळूहळू जात राहिली
आणि मी हात काढेना.
लुमाण्णानं तेवढा तुकडा सोडला, वळसा घालून पुढं गेला.
का, ते बोलला नाही.

उतरताना राकसकोपचं पाणी दिसलं,
शिक्का मारल्यासारखं, एका बाजूला पुसट.
रताळ्याच्या वेलांवरून तिरकस चालत आलो,
एका पोरानं हटकलं, त्याला सॉरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पँटच्या शिलाईत कुसळ सापडलं.
उपटून दिव्याखाली धरलं
आणि चमकलो. त्याला आटे होते.
शेपटापासून टोकापर्यंत पीळ,
सुबक, एकसारखा, कुणी टूल लावून काढावा तसा.
बोट जिभेला लावून त्यावर ठेवलं
तर ते आपलंआपण फिरायला लागलं.

मडिवाळला हाक मारली.
त्यानं त्याचं मशीन बंद केलं,
मी माझं केव्हाच केलं होतं.
तेलकट दोन डोकी एका बोटावर वाकली.
"उजवे आटे," तो म्हणाला.
थोड्या वेळानं, "पिच किती असंल?"
खिशात मायक्रोमीटर होता.
सुपरवायझर काचेआडून बघत होता.
कुसळ अजून फिरत होतं.