अस्वलाला ऐकू जावं म्हणून

शिरेतोकोच्या वाटेवर
चिझुरुच्या सॅकला घंटा:
किणकिण, येतेय मी, बाजूला हो बाबा.

बर्फानं उखडलेल्या
सात फळ्या बदलायच्यात.
खिळे तिच्याकडे, करवत इवाओकडे,
घरून निघाल्यापासून शब्द कुणाकडेच नाही.

वळणापाशी धबधबा सुरू होतो
आणि घंटा संपते.
इथं ओरडतच चालायचं, नियम आहे.
आधी ती नुसतं "होऽ" करते.
मग पुन्हा "होऽ".
मग कड्याकडे तोंड करून,
"होडी विकलीस! मला विचारलं नाहीस!"

पाणी कोसळतंय थेट समुद्रात.
बांबूच्या जाळीत काही हललं,
की वाराच होता.

इवाओ करवत खाली ठेवतो.
तोही ओरडतो, अस्वलालाच:
"विचारलं असतं
तर विकवली नसती!"