इतर : एका ओळीत लिहा

सांगलीहून मुख्यालयाचा कागद आलाय,
दोन पानी, झेरॉक्स तिरकी बसलेली.
प्रश्न सातवा : कामाची प्रेरणा तुम्हाला
कशातून मिळते? पर्यायापुढे खूण करा.
वेतन. बढती. सन्मान. सेवाभाव.
शेवटी 'इतर', पुढे एक रेघ, वीतभरही नाही.

पाचपर्यंत द्या, कोळेकर साहेब म्हणाले,
सेवाभावावर खूण करून चहाला गेले.

मी वेतनावर केली. खोटं कशाला बोला.
एक तारखेला मेसेज वाजतो तेव्हा
सासूबाईंचं इन्सुलिन, स्कूटीचा हप्ता
गप्प बसतात. सात तारखेपर्यंत.

पण मिरजेत दवाखाने फार.
अथणीहून येतात, जमखंडीहून येतात,
येताना दोघं, जाताना तिघं,
कधी येताना तिघं, जाताना दोघं,
आणि मधे माझी खिडकी, नंबर तीन.

परवा एकजण म्हणाला, बाई, आईचं नाव चुकलंय.
बसवा नाही, बसव्वा.
साहेब म्हणाले, एका 'व'नं काय अडतंय?
बँकेत अडतं. उताऱ्यावर अडतं.
आणि तो तर गजाला धरून नुसता म्हणून दाखवत होता,
बसव्वा, बसव्वा,
जशी ती चौकातून मागं वळणार होती.
अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन पुरावे.
अकराव्या दिवशी तो 'व' मिळाला त्याला.

माझ्या खणात एक वही आहे,
आवक-जावकमध्ये कुठंच नसलेली.
धाकट्याची चौथीतली, मागची कोरी पानं.
तिच्यात बिननावाची पोरं आहेत.
रजिस्टरात आई, बाप, वजन, वेळ, सगळं असतं,
'बाळाचे नाव' पुढं आडवी रेघ.
वर्षाच्या आत कळवा, फुकट नोंदवू, नंतर विलंब शुल्क,
हे आम्ही सांगतो. ओल्या बाळंतिणीच्या घरात
कोण ऐकतं?
म्हणून अकरावा महिना लागला की मी फोन लावते,
माझ्याच मोबाईलवरून, जेवणाच्या सुट्टीत.
अहो, नाव ठेवलं का?
एकीनं शिव्या घातल्या, ओटीपी मागणारी समजून.
एकदा पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही,
नुसता पंप चालल्याचा आवाज.
मग म्हणाले, ते राहिलं नाही, बाई.
त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.
वहीत त्या नंबरावर काट मारायची असते.
मारलेली नाही.

पावणेपाच. सदामामा टेबलाटेबलावरून
कागद गोळा करत येतोय.
माझ्या कोपराखालून त्यानं माझाही ओढला,
'इतर'ची रेघ तशीच कोरी.
थांब म्हणणार होते, पण तेवढ्यात फोन उचलला गेला.
हॅलो, मिरजेहून बोलतेय, महापालिकेतून,
मुजावर बाई.
नाही हो, पैसे नाही मागत.
ठेवलं? कधी? बरं बरं,
सावकाश सांगा, आवाज तुटतोय.
ण बाणातला, का न नळातला?