दोन बोटं डावीकडे

कंडक्टर म्हणाला, काय शे रे भो पेटीमा?
तबला म्हणालो असतो तर सुटलो असतो.
धनुष्य म्हणालो,
तर त्यानं शिरपूर येईपर्यंत निम्म्या गाडीला दाखवायला लावलं :
ही चाकं, ह्या केबला, ही रबरी शेपटी.
एक धनुष्यले इतल्या दोऱ्या?
हो, म्हटलं, आणि प्रत्येकीला वेगळं मेण.

शहादा ते जळगाव. मांडीवर सात वर्षांचं जुनं,
अमरावतीच्या एका पोराकडून अठ्ठावीस हजारांत घेतलेलं.
तेव्हाच खालच्या चाकावर ओरखडा होता.
कोणाचा, कसा, त्यानं सांगितलं नाही.
मी अजून अंगठा फिरवतो त्याच्यावरून
बाण लावण्याआधी.

नवं एक लाख बासष्ट हजार.
चोवीस हप्ते, साडेसात हजारांच्या वर थोडे.
डिगंबर बेलदारनं घेतलंसुद्धा,
आणि घेतल्यापासून तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो,
आजाऱ्याशी बोलतात तसं.

मी लाइनमन. खांबावर चढून चढून
उजवा खांदा कुरकुरतो, सकाळी आधी गरम पाण्याची पिशवी.
साठ पौंड ओढायचे.
जुन्यात ओढून धरलं की हातात उरतात एकवीस.
नव्यात म्हणे नऊच,
तान्ह्या पोराएवढे.
रुमाली म्हणाली, खांदा नवा मिळतो का तेवढं विचारून ये.

बा वर तोरणमाळकडे, पाड्यावर.
मागल्या होळीला त्यानंही पेटी उघडून पाहिली.
त्याचं बांबूचं आता लग्नात नाचायलाच निघतं.
इतकं वजन, म्हणाला. पाखरू तरी पडलं का कधी?
नाही बा, आम्ही कागदावर मारतो.
बा बराच वेळ गप्प.
मग कागद मेला का?

जिनिंगच्या मागं, सरकीच्या ढिगाला वळसा घालून
बेलदारनं केळीचे कापलेले खांब उभे केलेले.
हवेत कापूस. दोरीवर बसतो, चिमटीनं काढायचा.
त्यानं नवं हातात दिलं.
हलकं. थंड. कशाचीच आठवण नसलेलं.
ओढलं, आणि खरंच, वर गेल्यावर
कोणीतरी मागून वजन काढून घेतल्यासारखं झालं.
सुटलं तेव्हा आवाज नाही.
मनगटात तो गुणगुणता झटका नाही.
मी बाण गेला की नाही ते बघायला मान उचलली.

दोन बोटं डावीकडे.

दुसरा. दोन बोटं डावीकडे.
तिसरा पहिल्याला घासून,
तिघंही एकमेकांना चिकटून,
सुंदर, आणि चुकीच्या जागी.

बेलदार म्हणाला, साइट सरकवू.
मी म्हणालो, थांब.
सात वर्षं मी तेच केलं.
त्या अमरावतीच्या पोराला शिव्या घातल्या,
ओरखड्याला घातल्या, केबल दोनदा बदलली,
आणि काटा थोडा थोडा सरकवत
स्वतःला सरळ करून घेतलं.

खांबातून बाण उपसले. केळीचा चीक
आधी पाण्यासारखा, मग तांबूस, मग काळा.
रुमालानं पुसत पुसत परतीची गाडी गाठली.
हप्त्याचा फॉर्म वरच्या खिशात.
फाडला नाही. भरलाही नाही.
चोपड्याला चहा घेतला तेव्हा घडी मोडून
फक्त 'व्यवसाय' तेवढं लिहिलं.

घरी आलो तर रुमाली कळण्याचं पीठ मळत होती.
म्हटलं, इथं उभी राहा. माझ्या डाव्या मुठीकडं बघ.
बाण लावला नाही. नुसतंच जुनं ओढून धरलं.
वळते का?
वळते.
आता?
आताही.
मूठ सैल केली, बोटं उघडली,
एकवीस पौंड हातात थरथरत राहिले.
आता?

ती तव्याकडं गेली होती.